गिलाव्याची परीक्षा

वाळू बंद झाली तेव्हा मिस्त्रीला आधी बरंच वाटलं.

नदीतून वाळू उपसायला बंदी आली. ट्रॅक्टर जागच्या जागी उभे राहिले आणि गावातली सात बांधकामं गुडघ्याएवढ्या भिंतींवर अडली. मिस्त्रीने थापी धुतली, खुंटीला अडकवली, पांढरा शर्ट चढवला आणि चौकातल्या दुकानाच्या बाकावर जाऊन बसला. "पंधरा दिवसांत हातापाया पडत येतात की नाही बघा," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पंधरा दिवसांचे चार महिने झाले. हाताला कुणी आलं नाही आणि पायालाही नाही. शर्ट मात्र रोज धुवून लागायचा, आणि तो मिस्त्रीण धुवायची.

गावात मिस्त्रीच्या गिलाव्याला नाव होतं, हे खरं. मालक समोर उभा असला की तो भिंतीवर पहिले दोन हात असे मारायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. थापी फिरायची, मनगट वळायचं, मध्येच एक डोळा मिटून तो ओळंब्याकडे बघायचा. मग थापी खाली ठेवून मालकाबरोबर चहाला जायचा. तो चहा कधी तासाचा असे, कधी दोन तासांचा. चहात तो मालकाला जुन्या भिंती, नव्या भिंती आणि हल्लीच्या गवंड्यांची नालायकी समजावून सांगायचा.

मागे कालवलेला माल कुणाच्या चहासाठी थांबत नाही. सिमेंट आपल्या वेळेला धरतं. म्हणून मिस्त्रीण थापी उचलायची आणि भिंत पुढे न्यायची. सकाळी येऊन वाळू तिने चाळलेली असायची, विटा तिने भिजवलेल्या असायच्या, माल तिने कालवलेला असायचा. मिस्त्रीची पावलं वाजली की ती थापी जागेवर ठेवून घमेलं उचलायची. असं अठरा वर्षं चाललं होतं. भिंत कुणाची, तर मिस्त्रीची.

चार महिन्यांत घर चाललं ते तिच्या खुरप्यावर. पहाटे ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची, दुपार कलली की कंबर धरून परत यायची. मिस्त्रीला मुकादमाने रस्त्याचे खड्डे भरायला बोलावलं होतं. "मी कारागीर आहे, खड्डे बुजवायला मजूर बघ," म्हणून त्याने त्याला वाटेला लावलं आणि घरी येऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"कारागिराला भूक मजुराएवढीच लागते की रे," म्हातारी म्हणाली. ही मिस्त्रीची आई. पासष्टीची, दात गेलेली, पण जीभ शाबूत.

"आई, तू गप बस. तुला यातलं कळत नाही."

"नाही ना कळत. म्हणून तर विचारते."

अशात व्हिसावाला गावात आला. हा पूर्वी बाजारपेठेत फोटो काढायचा. मोबाइल आले आणि त्याचा धंदा बसला, तेव्हा त्याने खोलीबाहेरची पाटी तेवढी बदलली. आत खुर्चीमागे रंगवलेल्या समुद्राचा पडदा तसाच होता. त्या समुद्रासमोर बसून तो लोकांना समुद्रापलीकडे पाठवायचा. सगळे गेलेच असं नाही, पण फोटो सगळ्यांचे निघाले होते.

त्याने मिस्त्रीला आणि मिस्त्रिणीला समोर बसवून एक छापील यादी पुढे सरकवली.

"ही टंचाईची यादी. त्यांच्या देशात कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, ते ह्यात असतं. यात नाव असलं तर दार उघडं. नसलं तर तुम्ही राजा असलात तरी बंद. यंदा गिलावा आत आलाय."

"त्यांच्याकडे गवंडी नाहीत?" मिस्त्रीने विचारलं.

"होते. म्हातारे झाले. पोरं हात मळवायला तयार नाहीत."

पाच वर्षांपूर्वी याच देशाने बाहेरची माणसं नकोत म्हणून मोठा गिल्ला केला होता. मग त्यांची घरं अर्धवट राहिली, भिंतींच्या विटा उघड्या पडल्या आणि त्यांना माणुसकी आठवली. ती तरी सरळ आठवावी? तिला त्यांनी यादी लावली, यादीला गुण लावले. वयाला इतके गुण, अनुभवाला इतके, भाषेला इतके. माणसाचे असे तुकडे करून तोलायचे आणि भरला तर आत घ्यायचा. बैल घेताना दात बघतात, तेही बिचारे एकदाच बघतात.

"अनुभव?" व्हिसावाल्याने विचारलं.

"अठरा वर्षं. स्वतंत्र," मिस्त्री म्हणाला.

"आणि या काय करतात?"

"ही? ही असते मदतीला."

"मदतनीस अकुशल धरतात. यादीत नाही." त्याने रकान्यावर आडवी रेघ मारली. मिस्त्रीण त्या रेघेकडे बघत राहिली. शाईचं पेन चांगलं होतं, रेघ कुठे तुटली नव्हती.

मग दीड महिना घरात परदेशी भाषेने धुमाकूळ घातला. पाठ करायची तीस वाक्यं व्हिसावाल्याने लिहून दिली होती. मिस्त्री दाढी करताना, जेवताना, परसातून येताना तीच म्हणायचा. 'मी अनुभवी कारागीर आहे' आणि 'मी सुरक्षेचे नियम पाळतो' ही दोन त्याला फार आवडली. कुत्रं अंगावर आलं तरी तो त्यालाही ती ऐकवायचा. मिस्त्रिणीला तीसच्या तीस वाक्यं ऐकून ऐकून पाठ झाली. तिला कुणी म्हणून दाखवायला सांगितलं नाही.

परीक्षा शहरात, एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. म्हातारीने सुनेला बरोबर धाडलं. "हा चहाला बसेल आणि परीक्षा निघून जाईल," ती म्हणाली. भाकऱ्यांची आणि हत्यारांची पिशवी अर्थातच सुनेच्या डोक्यावर.

फाटकावर प्रत्येकाचं ओळखपत्र बघून अंगठा घेत होते. मिस्त्रीने अंगठा टेकवला, यंत्र लगेच हिरवं झालं. मिस्त्रिणीचा मात्र उमटेना. तिने अंगठा पदराला पुसला, फुंकर मारली, जोराने दाबला. यंत्र लालच.

"बाई, तुमच्या अंगठ्याला रेषाच नाहीत," कारकून म्हणाला.

"सिमेंटने खाल्ल्या."

कारकुनाने मिस्त्रीच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग तिच्या. मग त्याने तिचं एकेक बोट टेकवून बघितलं. शेवटी तिची करंगळी चालली.

शेडमध्ये उघड्या विटांच्या दहा भिंती ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर नंबर. एका माणसाला एक भिंत आणि चार तास. सोबत आलेल्यांना जाळीबाहेर बाकावर बसायचं होतं. परीक्षक त्याच देशातून आलेला, उंच, लाल मानेचा. त्याच्याबरोबर एक दुभाषी पोरगी. तिने ओरडून नियम सांगितले, "बूट आणि टोपी घालायची. कुणी कुणाला मदत करायची नाही. वाळू-सिमेंट तिथे आहे. माल ज्याचा त्याने कालवायचा."

मिस्त्रीने जाळीकडे पाहिलं.

ते बघणं मिस्त्रिणीला ओळखीचं होतं. भाजीत मीठ कमी पडलं की तो असाच बघायचा. ती बाकावरून उठली आणि जाळीला बोटं अडकवून उभी राहिली.

मिस्त्री फावडं घेऊन ढिगाऱ्यापाशी गेला. ती नदीची वाळू नव्हतीच, दगडाचा चुरा होता. करडा आणि धुळीचा. त्याने शेजारच्याने किती घेतला ते बघून तेवढा घेतला, सिमेंट ओतलं आणि बादलीभर पाणी एकदम उपडं केलं. पाणी सिमेंट घेऊन चारी बाजूंनी पळालं. ते अडवायला तो फावडं घेऊन गोल फिरला. माल आमटी झाला. त्याने अजून सिमेंट टाकलं. आता माल थापीला चिकटला, सुटेना.

"विटा," मिस्त्रीण पुटपुटली. "अहो, विटा भिजवा."

जाळीपासून भिंत वीस पावलांवर होती. ऐकू गेलं असतं तरी बोलायची बंदी होती. मिस्त्रीने कोरड्याठाक विटांवर पहिला हात मारला. मारला मात्र सुरेख. मनगट वळलं, एक डोळा मिटला. परीक्षक थांबून बघायला लागला, तेव्हा तर मिस्त्रीने थापी हातातल्या हातात फिरवून दाखवली. मालक समोर होता, फक्त चहा नव्हता.

विटांनी मालातलं पाणी शोषून घेतलं. तासाभरात गिलाव्याला केसासारख्या भेगा पडल्या. मग कोपरा फुगला. मग कमरेएवढा एक पापुद्रा अख्खा सुटला आणि मिस्त्रीच्या नव्या बुटांवर येऊन पडला.

"ही वाळूच आपली नाही," तो दुभाषी पोरीला म्हणाला. "हिच्यात दम नाही."

परीक्षकाने काहीतरी विचारलं. पोरीने ते मराठीत केलं, "ते विचारतात, तुमच्या कामावर माल कोण कालवतं?"

"बाई असते एक," मिस्त्री म्हणाला. "मदतनीस."

जाळीपाशी ते स्वच्छ ऐकू आलं. बाई असते एक. अठरा वर्षांत तिच्या हाताची सालं निघाली होती, नखं वाकडी झाली होती. भाचीच्या लग्नात बांगड्या भरताना कासारीण म्हणाली होती, बाई, हा हात आहे की खडबडीत दगड? तेव्हा ती हसली होती. आता तिला हसू आलं नाही. तिला राग आला, आणि तो इतका जुना निघाला की तिची तिलाच भीती वाटली.

सात नंबरची भिंत रिकामी होती. तिचा माणूस आलाच नव्हता. दुभाषी पोरगी जाळीपाशी येऊन म्हणाली, "सात नंबर मोकळा आहे. फाटकावर नोंद झालेल्यांपैकी कुणाला परीक्षा द्यायची आहे का? अडीच तास उरलेत."

बाकावर बायका होत्या, दोन म्हातारे होते. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मी देते," मिस्त्रीण म्हणाली.

आतून मिस्त्री ओरडला, "अगं ए! वेड लागलं का? चारचौघांत हसं करून घ्यायचंय?"

"ते तुमचं झालंय करून," ती म्हणाली आणि जाळीचं दार ढकलून आत गेली.

बूट सगळे पुरुषांच्या मापाचे होते. तिने सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचा कागद फाडून बुटात कोंबला, पदर कमरेला घट्ट खोचला. चुऱ्याची मूठ घेऊन दाबली, उघडली. हात धुळीने पांढरा झाला. मग तिने तो दोनदा चाळला, बाजूला धूळ काढली. आधी भिंतीला पाणी दिलं, विटांची तहान भागेपर्यंत दिलं. नंतर माल. चुरा आणि सिमेंट कोरडंच तीनदा उलटंपालटं केलं, मध्ये आळं केलं आणि तांब्यातांब्याने पाणी घातलं. फावड्याचा आवाज बदलेपर्यंत ती ऐकत राहिली. आवाज जड झाला तसा तिने तांब्या बाजूला ठेवला. गोळा करून मुठीत दाबला. मूठ उघडली तर पाचही बोटांचे ठसे गोळ्यावर बसले होते.

परीक्षक तिच्यामागे येऊन उभा राहिला. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. एवढा माल कालवला होता, तिला वेळ कुठे होता? थापी उचलली आणि खालून वर सुरुवात केली. तिच्या हाताला मिस्त्रीसारखी ऐट नव्हती. थापी न फिरता भिंतीवर जायची, माल ठेवून परत यायची. पट्टी ओढली, रंधा फिरवला. वेळ संपायला वीस मिनिटं होती तेव्हा ती घमेलं धुवत होती.

परीक्षकाने बोटाच्या पेरांनी भिंत वरपासून खालपर्यंत वाजवली. कुठेही पोकळ बोलली नाही. त्याने लांब पट्टी लावून तिच्याखाली कागद सरकवायचा प्रयत्न केला. कागद आत गेला नाही. मग त्याने दुभाषी पोरीला काही सांगितलं.

"पास," ती म्हणाली. "ते विचारतात, अनुभव किती?"

"यांचा अठरा वर्षं."

"तुमचा?"

मिस्त्रिणीने धुतलेलं घमेलं खाली ठेवलं. "अठराच की," ती म्हणाली.

येताना एसटीत मिस्त्री खिडकीकडे तोंड करून बसला. गावाजवळ आल्यावर एकदाच बोलला, "भिंती सारख्या नव्हत्या. तुझी सावलीत होती." तिने चपला काढल्या. तिचे पाय बुटांनी सोलले होते.

तीन आठवड्यांनी कागद आला. कुशल कारागीर, गिलावा. व्हिसावाला तो घेऊन स्वतः घरी आला, कारण यादी महिनाअखेरीपर्यंतच चालणार होती. त्या देशाचं सरकार दर तीन महिन्यांनी यादी बदलायचं. आज गिलावा, उद्या नळजोडणी, परवा काहीच नाही. भाजीचे भावसुद्धा इतक्या लवकर फिरत नाहीत.

अर्ज ओट्यावर पसरला. मिस्त्रीने तो आधी हातात घेतला. सगळे कागद आधी तोच घ्यायचा. वाचता वाचता तो थांबला.

"इथे माझं नाव कुठल्या रकान्यात घातलंय?"

"मुख्य अर्जदार वहिनी," व्हिसावाला म्हणाला. "नवरा म्हणून तुम्ही आश्रित."

"काय?" म्हातारीने शेंगा सोलता सोलता विचारलं. "काय म्हणाला?"

"आश्रित, आजी. म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर असलेला."

"मग त्यात खोटं काय लिहिलंय?"

मिस्त्रीने अर्ज फेकला. तो कोंबडीच्या अंगावर पडला, ती ओरडत पळाली. त्याने व्हिसावाल्याला सुनावलं. मुख्य अर्जदार मलाच करा, परीक्षा तिची जोडा. नवराबायको काय वेगळे असतात?

"गिलावा पडला तेव्हा होतास का रे एक?" म्हातारी म्हणाली.

"निदान शब्द बदला. कुटुंबप्रमुख लिहा."

"तसा रकाना नाही," व्हिसावाला म्हणाला. "त्यांच्या कॉम्प्युटरला दोनच माणसं कळतात. एक कमावणारा, एक खाणारा."

त्याला हे लागेल असं बोलायचं नव्हतं. पण बोलून गेला.

पुढचे सतरा दिवस मिस्त्रीने घर डोक्यावर घेतलं. चौकात बातमी आधीच पोचली होती. "काय मिस्त्री, घमेली कधीपासून उचलणार?" असं कुणी विचारलं की तो वाट बदलायचा. शेवटी दुकानाच्या बाकावर बसणंच बंद झालं. घरात तो गुरगुरायचा, "मी सही करणार नाही. मी कुणाच्या जिवावर जगलो नाही, जगणार नाही. बघू माझ्याशिवाय कशी जाते." आणि हात धुवून पाटावर बसायचा. मिस्त्रीण वाढायची.

तिला वाटायचं, हा सही करेल. अठरा वर्षांचा संसार, एवढं तरी करेल. तिला एकटीला जायची हौस नव्हती. तिला भीती वाटत होती, विमानाची, थंडीची, लाल मानेच्या माणसांची. सोबतीला हा असता तर तिने तिकडेही त्याचा शर्ट धुतला असता आणि कुठल्या शब्दाखाली कुणाचं नाव आहे हे जन्मात काढलं नसतं. तसं तिने दोनदा त्याला सांगितलंही. तिसऱ्यांदा सांगायला गेली तर तो म्हणाला, "पाया पड, मग बघतो."

ती पाया पडली नाही. खुरपं घेऊन शेतात गेली.

शेवटच्या दिवशी सकाळी ती आणि म्हातारी बाजारपेठेला निघाल्या. मिस्त्रीही निघाला. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, खिशाला पेन. व्हिसावाल्याच्या दारात बाक होता, त्यावर तो पाय टाकून बसला. आत जातील, अडतील, मग विनवायला बाहेर येतील, असा त्याचा हिशोब होता. विनवणीला उत्तर काय द्यायचं, तेही त्याने वाटेत ठरवलं होतं.

आत व्हिसावाल्याने रंगीत समुद्रासमोर कॉम्प्युटर उघडला. नाव, वय, कागदाचा नंबर घातला. मग थांबला.

"वहिनी, आश्रित किती?"

"सासू चालते का?"

त्याने नियम वर-खाली केले. "घरातलं वयस्कर, अर्जदारावर अवलंबून असलेलं एक माणूस चालतं. पण आजी, तुम्ही याल एवढ्या लांब?"

"मला काही लाज नाही बाबा," म्हातारी म्हणाली. "ही घरात आली तेव्हापासून हिचंच खाते. इथे खाल्लं काय, तिथे खाल्लं काय. घाल माझं नाव."

"बरं. आणि मिस्त्री?"

मिस्त्रिणीने दाराकडे पाहिलं. दारातून त्याचा एक पाय दिसत होता. तो आरामात हलत होता.

"ते कुणावर अवलंबून नाहीत," ती म्हणाली. "रोज सांगतात. तसंच लिहा."

व्हिसावाल्याने आश्रिताच्या रकान्यात म्हातारीचं एकटीचं नाव घातलं. मग त्याने बटण दाबलं. छापलेला कागद सरकत बाहेर आला. मिस्त्रिणीने करंगळीचा ठसा दिला, म्हातारीने अंगठा उठवला.

दोघी बाहेर आल्या तशी मिस्त्री उठून उभा राहिला. बराच वेळ झाला होता. कुणी विनवायला आलं नव्हतं, तेव्हा आता मोठं मन आपणच दाखवावं, असं त्याने ठरवलं होतं. त्याने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं.

"चला. एवढं अडलंच आहे तुमचं तर करतो," तो म्हणाला. "सही कुठे करायची?"

मिस्त्रीण कागदाची घडी घालत होती.

"तुमची लागत नाही," ती म्हणाली.